कोऱ्या वहीतील पराक्रम

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्या कूपरेज मैदानावरचा खेळ नव्हे. तेथला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, आणि पायापेक्षा हातानेच अधिक चालवायचा. चढाई करणाऱ्यांचा सेनापती तो क्वार्टरबॅक. चेंडू फेकण्यासाठी तो मागे सरतो, तेव्हा त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात. ती भिंत चुकवून किंवा फोडून, चेंडू हातून सुटण्यापूर्वीच त्याला लोळवायचे, हे बचाव फळीच्या टोकावरील गड्याचे, म्हणजे डिफेन्सिव्ह एंडचे काम. ज्याने हुतूतू पाहिला आहे, त्याला यातला थरार वेगळा सांगायला नको.

या कामातला सर्वांत मोठा कारागीर माझ्या मते डीकन जोन्स. त्याचे खरे नाव डेव्हिड. 1938 साली फ्लॉरिडातील ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांनी वसविलेल्या गावी तो जन्मला. शिष्यवृत्तीवर साउथ कॅरोलायना स्टेट कॉलेजात गेला, पण नागरी हक्कांच्या निदर्शनांत भाग घेतला म्हणून ती काढून घेण्यात आली. मग तो मिसिसिपीतल्या एका कॉलेजात गेला. तेथे संघ परगावी जाई, तेव्हा हॉटेलवाले काळ्या खेळाडूंना खोली देत नसत. यजमान कॉलेजच्या व्यायामशाळेत खाटा टाकून ही मुले निजत. दुसऱ्या दिवशी खेळायचे असेच!

लॉस एंजलिस रॅम्सचे पारखी दुसऱ्याच कुणाची फिल्म पाहत असता त्यांना हा आडदांड, पण हरणासारखा धावणारा गडी दिसला. 1961 च्या निवडीत त्याला घेतले ते चौदाव्या फेरीत. टेलिफोनच्या पुस्तकात डेव्हिड जोन्स फार, म्हणून स्वतःच ‘डीकन’ झाला. डीकन म्हणजे चर्चमधला सेवेकरी. पण मैदानावर यात सेवाभाव कोठला! पहिल्याच पावलाला तो समोरच्याच्या शिरस्त्राणावर उघड्या पंजाने अशी थप्पड हाणी की त्याचे डोळे क्षणभर मिटत, आणि तेवढ्यात हा पलीकडे. 1977 मध्ये नियमाने ही थप्पड बंद झाली. ते योग्यच झाले, असे त्याचा चाहता असूनही मी म्हणतो.

मर्लिन ओल्सन, रोझी ग्रिअर, लामार लंडी आणि हा, या चौकडीचा सर्वत्र दरारा होता. 1967 आणि 1968 अशी लागोपाठ दोन वर्षे तो लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला. क्वार्टरबॅकला असे लोळवण्याला ‘सॅक’ हे नाव रूढ केले त्यानेच. सॅक म्हणजे पोते, आणि सॅक म्हणजे शहराची लूटही. अर्थ विचारणाऱ्याला तो दोन्ही सांगे.

गंमत अशी, की लीगने सॅक अधिकृतपणे मोजायला आरंभ केला 1982 मध्ये. जोन्स 14 हंगाम आणि 191 सामने खेळून 1974 अखेर निवृत्त झालेला. ज्याने बारसे केले, त्याच्या खात्यावर भोपळा! पुढे संशोधकांनी जुनी टिपणे चाळून हिशेब मांडला, तो भरला 173.5. अर्धा कसा, म्हणाल? दोघांनी मिळून लोळवले, तर श्रेय अर्धे अर्धे. तरीही अधिकृत वही कोरीच राहिली.

3 जून 2013 ला तो वारला. त्याच वर्षी लीगने हंगामातील सर्वाधिक सॅकसाठी त्याच्या नावाचे पारितोषिक सुरू केले. पहिला मान इंडियानापोलिसच्या रॉबर्ट मॅथिसला मिळाला. त्याचे 19.5 सॅक वहीत रीतसर लिहिलेले आहेत.