लाखेची तबकडी आणि सागाचं कपाट

मागच्या भागात बोलता बोलता मी म्हणालो होतो की विरारच्या घरी तबकड्यांसाठी एक कपाट बनवतोय. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "झालं का कपाट?" झालं. पण त्या निमित्ताने असं लक्षात आलं की या लाकडी पेटीत जवळजवळ सव्वाशे वर्षांचा इतिहास बसलाय. म्हणून आजचा भाग त्याच्यावरच.

सुरुवात मोठ्या मामांपासून. मामांच्या दोनशेच्या आसपास तबकड्या होत्या. निम्म्याहून जास्त ७८ फेऱ्यांच्या, बाकी एलपी, त्यात गीतरामायणाचा संचही. सगळं तळमजल्यावर, लोखंडी ट्रंकेत, एकावर एक आडवं रचलेलं. जुलै २०१८ चा पाऊस वसई-विरारकरांना सांगायला नको. रूळ पाण्याखाली, वीज गायब. आमच्या घरात घोटाभर पाणी आलं आणि ट्रंक बुडाली. एलपींची कव्हरं एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला. तळच्या जुन्या तबकड्यांची लेबलं सुटून पाण्यावर तरंगत होती. आणि तबकडीचं लेबल गेलं म्हणजे तिचं नाव-गाव गेलं.

आता मागे जाऊया. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मुद्रित केला. आपल्याकडची तबकडी इथून सुरू होते असं धरलं जातं. त्या तबकड्या छापायला जर्मनीत, हॅनोव्हरला जायच्या. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदहचा कारखाना सुरू झाला तेव्हा कुठे इथला आवाज इथेच छापला जाऊ लागला. गंमत अशी की माल आधीपासून आपलाच होता. ७८ ची तबकडी बनते लाखेपासून. लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळायची, गरम करून दाबायची. आणि लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्याचा स्राव. आजच्या झारखंडातल्या जंगलांतून ती गोळा व्हायची आणि जगभर जायची. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला तिच्यासाठी संशोधन संस्था निघाली, एवढं तिचं महत्त्व. महायुद्धात १९४२ साली अमेरिकेने लाखेच्या वापरावर बंधनं घातली, तर तिथल्या कंपन्या लोकांकडून जुन्या, फुटक्या तबकड्या परत घेऊन दळायला लागल्या.

आता ठेवायच्या कुठे? दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. म्हणजे एखादं नाटक किंवा मोठी रचना ऐकायची तर चार-पाच तबकड्या हव्यात. त्या एकत्र राहाव्यात म्हणून कागदी पाकिटांची जाड बांधणीची वही काढली, फोटोंच्या अल्बमसारखी. आपण आज गाण्यांचा "अल्बम" म्हणतो तो तिथून आलाय. १९०६ मध्ये अमेरिकेच्या व्हिक्टर कंपनीने "व्हिक्ट्रोला" आणलं. त्यात कर्णा लाकडी कपाटाच्या पोटात लपवला आणि खाली तबकड्यांसाठी जागा ठेवली. यंत्र होतं ते फर्निचर झालं, दिवाणखान्यात मानाने बसलं. आपल्याकडे हे चोचले श्रीमंतांचे. बाकीच्यांकडे चावीचा फोनो, सुयांची पत्र्याची डबी आणि ट्रंक. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव यांचे सूर कित्येक घरांत ट्रंकेतच नांदले.

पण ट्रंक हीच चूक. लाखेची तबकडी काचेसारखी ठिसूळ. आडव्या ढिगात तळच्या तबकडीवर सगळा भार. मी घरच्या काट्यावर दहा इंची ५० तबकड्या ठेवल्या, तर काटा १० किलोच्या पुढे. एलपी व्हिनाइलची, ती फुटत नाही, पण ढिगात नाहीतर तिरकी राहिली की वाकते. म्हणून दोघींना एकच नियम: उभं ठेवायचं, ताठ. आणि ताठ राहायला जवळजवळ खण पाहिजेत. आम्ही दर आठ इंचांवर उभी फळी घातली. त्याने आणखी एक काम होतं, वरची आडवी फळी मधोमध झुकत नाही. तीन फुटांची मोकळी फळी एलपींनी भरली तर वर्षभरात पोट काढते.

लाकूड मिळालं ते आत्याच्या आगाशीच्या घराचं. कौलारू घर पाडून इमारत उभी राहतेय, तिथले सागाचे वासे. आगाशी आणि वसई ही एके काळी जहाजबांधणीची गावं. मागच्या जंगलातला साग खाडीतून खाली यायचा. १५३४ मध्ये पोर्तुगीजांनी वसई घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. किल्ल्याबद्दल आपण भरभरून बोलतो, या लाकडाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला तर वाटतं या किनाऱ्याची खरी श्रीमंती तीच होती. असो. वासे कापून फळ्या करताना सुतारकाका म्हणाले, "याला वाळवी सहसा शिवत नाही, पण तू खिळे शोध आधी." दोन दिवस नुसते खिळे काढले.

मापं विचारलीत म्हणून सांगतो. एलपीचा खण आतून १४ इंच उंच, १३ इंच खोल. ७८ चा खण ११ इंच उंच. दारांना काच नाही, जुन्या दुधाच्या कपाटासारखी जाळी. आपल्या दमट हवेत बंद कपाट म्हणजे बुरशीला आमंत्रण. आणि सगळ्यात खालचा खण जमिनीपासून दीड फूट वर. कारण वर सांगितलंच.

शेवटी पॉलिश. सुतारकाकांनी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवली, कापसाचा बोळा फिरवला आणि साग उजळला. म्हणजे तबकडी ज्याची, त्याचाच कपाटावर हात! मी खूश. आणि त्या खुशीत मोठा गाढवपणा केला. शेजारी एक धुळकट ७८ पडली होती, नाट्यपदाची, लेबल शाबूत असलेली. स्पिरिटचाच बोळा घेऊन पुसली. बोळा काळा झाला. मला वाटलं मळ निघतोय. काकांनी ओरडून हात धरला, "अरे, लाख विरघळतेय ती!" चकाकी गेली होती. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावायचं नाही, सॅनिटायझरही नाही. मऊ कोरडा ब्रश, फार तर ओलसर फडकं, तेही लेबल वाचवून.

पुरात ज्यांची लेबलं गेली त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. लेबलाखालच्या लाखेवर बारीक कोरलेला आकडा असतो, तो मॅट्रिक्स नंबर. पाण्याने तो जात नाही. मुंबईत १९९० पासून तबकडी संग्राहकांची संस्था आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. डॉ. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे यादी-नोंदींचं फार चिकाटीने काम केलंय. अशा याद्यांशी आकडे जुळवत मी आत्तापर्यंत अकरा तबकड्यांना नावं परत दिलीत. सव्वीस बाकी आहेत. त्यांचा खण वेगळा ठेवलाय, डावीकडून पहिला.

ती पुसलेली तबकडी वाजते अजून. ऐका.

(इथे तबकडी वाजते. पहिले काही क्षण नुसती खरखर, मग पेटी.)