खुर्च्यांचा आवाज

१९६२ च्या पावसाळ्यात मी आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये मदतनीस ऑपरेटर म्हणून लागलो. वय सोळा. कार्बन बदलायचा, उतरलेलं रीळ उलटं गुंडाळायचं, पुढचं दुसऱ्या मशीनवर चढवून ठेवायचं, एवढंच काम. हेड ऑपरेटरना सगळे मिस्त्री म्हणत. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "पडद्याकडं काय बघतोस? खिडकीला कान लाव, खुर्च्या ऐक. चित्र कसं चाललंय ते खुर्च्याच सांगत्यात."

त्या आठवड्यात सकाळच्या खेळाला 'कुंकू' होता आणि संध्याकाळी 'स्त्री'. दोन्ही व्ही. शांतारामांचे. 'कुंकू' १९३७ चा, माझ्या जन्माच्याही आधीचा. प्रिंट इतकी झिजलेली की पडद्यावरसुद्धा पाऊस पडत होता. प्रेक्षक जेमतेम साठ-सत्तर. पण त्या बोलपटाला पार्श्वसंगीतच नाही. घरातले आवाज, घड्याळ, माणसांचं बोलणं, बस्स. म्हातारपणी कोवळ्या मुलीशी लग्न लावून बसलेले काकासाहेब आरशासमोर येतात तेव्हा खाली एक खुर्ची वाजली नाही. संध्याकाळी थिएटर भरलं. रंग, नाच, फुलं, दागिने. गाण्यांना टाळ्या पडल्या. मध्यंतरानंतर मात्र खुर्च्या कुरकुरायला लागल्या आणि शेवटपर्यंत थांबल्या नाहीत.

मी मिस्त्रींना विचारलं, "दोन्ही एकाच माणसानं काढलेत?" ते काही बोलले नाहीत. कार्बन जुळवत राहिले.

त्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर शोधायला मला आयुष्य लागलं. पुस्तकं वाचली, जुन्या प्रिंटा मिळतील तिथं जाऊन पाहिल्या, पण मुख्य भरवसा त्या खिडकीचाच.

शांताराम राजाराम वणकुद्रे, जन्म १९०१, कोल्हापूर. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकले. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी शेतकऱ्याची भूमिका केली. १ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली ती पाच जणांची : शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. पुढच्याच वर्षी 'अमृतमंथन'मध्ये राजगुरूचा एक डोळा अख्ख्या पडद्याला व्यापून उभा राहिला. चंद्रमोहनचा तो डोळा एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

मग 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी'. १९३७ ते १९४१. मराठी बोलपटाची याहून श्रीमंत पाच वर्षं मला ठाऊक नाहीत. 'कुंकू'च्या मुळाशी नारायण हरी आपट्यांची कादंबरी, 'न पटणारी गोष्ट'. नीरा नवऱ्याला नवरा मानायला नकार देते, आणि शांता आपट्यांच्या आवाजातल्या धारेमुळे तो नकार आपल्याच घरात घडल्यासारखा वाटतो. 'माणूस'मध्ये पोलीस शिपाई आणि वेश्या, शाहू मोडक आणि शांता हुबळीकर. 'देवदास'च्या रडगाण्याला दिलेलं ते उत्तर होतं. 'शेजारी' विश्राम बेडेकरांनी लिहिला. हिंदू आणि मुसलमान असे दोन म्हातारे मित्र, केशवराव दाते आणि गजानन जागीरदार, आणि शेवटी फुटणारं धरण. मी 'शेजारी' चालवला त्या दिवशी धरणाच्या रिळाला खाली लोक उठून उभे राहिले होते.

या तिन्ही चित्रांत दिग्दर्शक कुठं दिसत नाही. दिसतात ती माणसं. प्रभातमध्ये शांतारामांच्या शेजारी बरोबरीचे मालक बसलेले होते. दामल्यांचा ध्वनीवर हात, फत्तेलालांचा नेपथ्यावर. पगारी माणूस मालकाला 'हे जमलं नाही' म्हणताना दहादा विचार करतो, भागीदार एकदाही करत नाही.

१९४२ मध्ये शांताराम प्रभात सोडून मुंबईला आले. परळला वाडियांच्या स्टुडिओच्या जागेत राजकमल कलामंदिर उभं राहिलं. नाव आईवडिलांच्या नावांवरून, राजाराम आणि कमला. 'प्रभात सुटलं आणि शांताराम संपले' असं आमच्याकडचे जुने लोक सर्रास म्हणतात. ते खोटं आहे, आणि मला ते ऐकवत नाही. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांवरचा चित्रपट १९४६ चा, होनाजी बाळावरचा 'अमर भूपाळी' १९५१ चा. आणि 'दो आँखें बारह हाथ' तर प्रभात सोडून पंधरा वर्षांनी आला. त्याची कथा गदिमांची, आणि त्यामागचा प्रयोग आमच्या भागातला. औंध संस्थानानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर इथं कैद्यांना कुंपणाशिवाय ठेवलं होतं. या चित्रपटात स्वतः शांताराम जेलर झाले, बैलाबरोबरच्या प्रसंगात डोळ्यांना जबर इजा करून घेतली, आणि १९५८ मध्ये बर्लिनचं रौप्य अस्वल मिळवलं. म्हणजे हात गेला नव्हता, डोळा गेला नव्हता.

मग काय गेलं? मला वाटतं, अडवणारं माणूस गेलं. आपटे, बेडेकर, गदिमा हे आपली गोष्ट घेऊन आले होते. गोष्ट भक्कम असली की ती दिग्दर्शकालाही वाकवते. शांताराम वाकले तेव्हा मोठे झाले. पण १९५५ मध्ये 'झनक झनक पायल बाजे' आला. टेक्निकलरमध्ये, गोपीकृष्णांच्या नाचासह, आणि अफाट चालला. तिथं त्यांना कळलं की गोष्ट पातळ असली तरी चालतं, रंग गडद हवा. 'दो आँखें' कृष्णधवल काढून ते एकदा मागे वळले. लगेच १९५९ ला 'नवरंग' आला. डोळ्यांवर पट्टी असताना दिसलेल्या रंगांचा तो चित्रपट. त्या माणसाच्या जिद्दीपुढं मी आजही मान लववतो, आणि सी. रामचंद्रांची गाणी तर अजून गावागावांत वाजतात. पण त्यानंतर गोष्ट ही गाणी टांगायची खुंटी झाली.

पैसा त्यांचा, स्टुडिओ त्यांचा, दिग्दर्शन त्यांचं, नायिका बहुतेक वेळा पत्नी संध्या. संध्याबाईंच्या कष्टांबद्दल माझा एक शब्दही उणा नाही. त्यांचं शरीर सांगाल तसं नाचायचं. सांगणाराच एकटा उरला होता.

'स्त्री'चंच पाहा. शकुंतलेची हीच गोष्ट त्यांनी १९४३ मध्ये केली होती. तेव्हा दुष्यंत होते चंद्रमोहन, आणि शांताराम कॅमेऱ्यामागे. ते चित्र मुंबईच्या स्वस्तिकला शंभर आठवड्यांवर चाललं. अठरा वर्षांनी तीच गोष्ट रंगात काढताना साठीला टेकलेल्या शांतारामांनी दुष्यंताचा मुकुट स्वतःच्या डोक्यावर चढवला. काकासाहेबांना आरशासमोर उभं करणारा हा माणूस. आता तो आरसा हातात धरून समोर उभं राहील असं राजकमलमध्ये कोणी नव्हतं. दामले तर १९४५ लाच गेले होते.

यात आमचाही वाटा आहे, तो लपवून चालणार नाही. त्या आठवड्यात 'कुंकू'ची तिकिटं साठ-सत्तर गेली आणि 'स्त्री'ला हाऊसफुल्लचा बोर्ड लागला. आम्ही टाळ्या रंगाला दिल्या. खुर्च्यांची कुरकुर परळपर्यंत पोचत नाही, गल्ला पोचतो.

'सेहरा', 'गीत गाया पत्थरों ने', 'जल बिन मछली नृत्य बिन बिजली' ही सगळी रिळं माझ्या हातून गेली. त्यांबद्दल जास्त लिहावंसं वाटत नाही. पण १९७२ ला 'पिंजरा' आला. अनंत मान्यांची कथा, शंकर पाटलांची रांगडी, नेमकी भाषा, राम कदमांचं संगीत, आणि डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांच्यासारखे नट. सत्तरी ओलांडलेला दिग्दर्शक पुन्हा एकदा दुसऱ्यांच्या गोष्टीपुढं वाकला. रंग होते, नाच होते, तरी मास्तर तमाशाच्या फडात तुणतुणं धरून उभा राहिला तेव्हा मी खिडकीला कान लावला. खाली एकही खुर्ची वाजली नाही. मिस्त्री तोवर निवृत्त झाले होते. त्यांना सांगायला मी दुसऱ्या दिवशी सायकलवरून त्यांच्या घरी गेलो.

शांतारामांना १९८५ चा फाळके पुरस्कार मिळाला. शेवटचा चित्रपट 'झांजर' १९८७ चा. ३० ऑक्टोबर १९९० ला ते गेले. प्रभातच्या पुण्यातल्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथं शिकणाऱ्या मुलामुलींना माझी एकच विनंती आहे. 'कुंकू' एकटे पाहू नका, दहा जणांत बसून पाहा, आणि काकासाहेब आरशासमोर आले की एकदा मागे वळून बाकीच्यांकडे बघा.