चापूचा मलिक अंबर झाला

बोरी बुद्रुकच्या मंडळींनो, तुमच्या तालुक्याच्या गावातून, म्हणजे जुन्नरातून, चारशे वर्षांपूर्वी एका विकल्या गेलेल्या माणसाने राज्य हाकले!

इथिओपियात 1548च्या सुमारास जन्मलेला चापू पोरवयात गुलाम झाला. बगदादच्या धन्याने त्याला लिहावाचायला शिकवले, पण नाव मात्र बदलून अंबर ठेवले. पुढे निजामशाहीच्या चंगीझखान पेशव्याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही एके काळचा हबशी गुलामच! तो वारल्यावर अंबर मोकळा झाला.

1600 साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडले. अंबराने नवा निजामशहा गादीवर बसवला, काही वर्षे राजधानी जुन्नरला ठेवली आणि मराठी स्वारांसह गनिमी काव्याने 1626पर्यंत, मरेतो झुंज दिली. तिकडे जमैकात पळालेल्या आफ्रिकी गुलामांनीही डोंगरांच्या आधाराने लढून 1739 साली इंग्रजांना तह करायला लावला.

तिथल्या उसाच्या मळ्यांवर गुलामाचे मूल गुलामच होई. इथे अंबर वजीर झाला. म्हणून काही इथली गुलामी गोड ठरत नाही. घरदार तुटलेले ते लेकरूच होते.

गुरुजी, अंबराची जमीनधाऱ्याची पद्धत शिकवाल, तेव्हा फळ्यावर ‘चापू’ही लिहा. विकला जाण्याआधीचे त्याचे नाव तेच.