गोदाकाठचा शाप आणि बुद्धाचे उत्तर

पौष पौर्णिमेला आम्ही भोकर परिसरातले कार्यकर्ते अर्धापूर तालुक्यातील दाभडला, महाविहार बावरीनगरच्या धम्म परिषदेला जातो. पांढरी वस्त्रे, पंचशील ध्वज, भोजनदान, सगळे असते. पण हा बावरी कोण, असे विचारले तर आपल्यातले किती जण सांगू शकतील?

सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात त्याची कथा आहे. बावरी हा कोसलातून दक्षिणेत आलेला ब्राह्मण. अस्सक म्हणजे अश्मक देशात, गोदावरीच्या काठी तो राहत होता. आश्रमाच्या नेमक्या जागेबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण अस्सकाची राजधानी पोतन अनेक जण आपल्या सीमेपलीकडच्या बोधनशी जोडतात.

बावरीने यज्ञ करून सगळे दान करून टाकले. मग एक ब्राह्मण आला आणि पाचशे नाणी मागू लागला. द्यायला काही नव्हते. तेव्हा त्याने शाप दिला, 'सातव्या दिवशी तुझ्या डोक्याची सात शकले होतील.' बावरी घाबरला, त्याचे अन्नपाणी सुटले. त्याने सोळा शिष्य बुद्धाकडे पाठवले. पैठण, उज्जैन करत ते मगधात पोहोचले. बुद्धाने ना ताईत दिला, ना उतारा सांगितला. अविद्या हेच ते डोके आणि विद्या ते फोडणारी, असे उत्तर दिले. ही प्रज्ञा. आणि शापाने खचलेला बावरी शिष्यांसह सुखी होवो, असेही म्हटले. ही करुणा. नंतर मनातल्या सगळ्या शंका विचारा, अशी मोकळीक दिली. प्रश्न विचारणे हा धम्मात अपराध नाही.

बाबासाहेबांनी मे १९५६ मध्ये बौद्ध धम्म का आवडतो हे सांगताना प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीनच तत्त्वे पुढे ठेवली. प्रज्ञा म्हणजे अंधश्रद्धेविरुद्धची समज, असा त्यांचा अर्थ होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही ज्ञान, शील, करुणेची सांगड घालून जगण्याची प्रतिज्ञा आहे.

आता आपल्याकडे बघू. गळ्यात निळा गमछा आणि मनगटावर कुण्या बाबाचा गंडा, हे चित्र आपल्या वस्त्यांत नाही काय? लेकरू तापाने फणफणले की करणीचा संशय येतो, भानामतीची कुजबुज सुरू होते आणि बोट बहुतेक वेळा एखाद्या एकट्या बाईकडे जाते. तो बावरीला मिळालेलाच शाप आहे, फक्त तो आता आपण देतो.

अशा वेळी लेकराला दवाखान्यात नेणे ही प्रज्ञा आणि त्या बाईच्या दारात तिच्या बाजूने उभे राहणे ही करुणा. नुसती बुद्धी असेल तर आपण गरिबाला अडाणी म्हणून हिणवतो. नुसती दया असेल तर अंगारा लावू देतो. दोन्ही लागतात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आपल्या हातात आहे. करणी केल्याचा आळ घेऊन छळणे आणि साप चावलेल्याला उपचारापासून रोखणे हे त्यात गुन्हे आहेत.

पुढच्या पौर्णिमेला दाभडला जाण्याआधी एवढे करू. प्रत्येक बुद्ध विहारात महिन्यातून एक दिवस प्रश्नांसाठी ठेवू. वंदना झाल्यावर आयाबायांनी, पोरांनी वाटेल ते विचारावे. गोदाकाठाने बुद्धाला प्रश्न विचारले होते, याचा वारसा आपण सांगायचा तर प्रश्न बंद करून चालणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!