शालेय अधीक्षक, अमेरिकेतील : प्रशिक्षण व प्रमाणपत्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शालेय जिल्ह्याच्या मुख्य प्रशासकीय अधिकाऱ्यास शालेय अधीक्षक म्हणतात. शालेय जिल्हा म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. सार्वजनिक शाळा चालविण्यासाठी राज्याच्या कायद्याने निर्माण केलेले ते स्थानिक क्षेत्र होय. एखाद्या महानगराचा मिळून एकच शालेय जिल्हा असतो, तर ग्रामीण भागात दोन-तीन शाळांचाही स्वतंत्र जिल्हा असू शकतो. १९३९-४० मध्ये असे सु. १,१७,००० जिल्हे होते; एकत्रीकरणामुळे ही संख्या सु. १३,००० वर आली आहे. बहुतेक जिल्ह्यांत लोकांनी निवडून दिलेले शिक्षणमंडळ असते. धोरण ठरविणे व अंदाजपत्रक मंजूर करणे ही मंडळाची कामे असून शिक्षकांच्या नेमणुका, अभ्यासक्रम, इमारती, विद्यार्थ्यांची वाहतूक व हिशेब यांची जबाबदारी अधीक्षकावर असते. मंडळ त्याला ठराविक मुदतीच्या कराराने नेमते. परंतु नेमणुकीस पात्र कोण, हे बहुतेक राज्यांत राज्याच्या प्रमाणपत्रावरून ठरते. निवड स्थानिक प्रतिनिधींची आणि पात्रतेची कसोटी राज्याची, अशी ही व्यवस्था आहे. या दोहोंतील ताण अधीक्षकांच्या प्रशिक्षणाच्या इतिहासात सतत आढळतो.

पदाचा उदय : राज्य पातळीवरील पहिला अधीक्षक न्यूयॉर्क राज्याने १८१३ मध्ये नेमला (गिडियन हॉली). शहरांपैकी बफालो व लूइव्हिल यांनी १८३७ मध्ये हे पद निर्माण केले. प्रॉव्हिडन्स (१८३९) व बॉस्टन (१८५१) यांनी त्यांचे अनुकरण केले. तोपर्यंत मंडळाचे सभासद स्वतःच शाळा तपासीत. शहरे वाढली, शाळांची व विद्यार्थ्यांची संख्या वाढली, तेव्हा हे काम फावल्या वेळात उरकण्यासारखे राहिले नाही. मॅसॅचूसेट्समधील लेक्सिंग्टन येथे १८३९ मध्ये पहिली शासकीय अध्यापनशाळा निघाली होती. पण ती वर्गशिक्षकांसाठी होती. अधीक्षकासाठी वेगळे प्रशिक्षण नव्हते व त्याची गरजही कोणास भासत नव्हती. अनुभवी मुख्याध्यापकाला बढती मिळे आणि त्याने शिक्षकांचा शिक्षक व्हावे, अशी अपेक्षा असे. सेंट लूइसचे अधीक्षक विल्यम टॉरी हॅरिस (कार्यकाल १८६८–८०) हे या परंपरेचे ठळक उदाहरण होय. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक असलेले हॅरिस अध्यापनातून या पदावर आले व पुढे संघराज्याचे शिक्षण आयुक्त झाले (१८८९–१९०६). अधीक्षकांची राष्ट्रीय संघटना १८६५ मध्ये स्थापन झाली व १८७० मध्ये ती राष्ट्रीय शिक्षण संघटनेचा एक विभाग बनली. परस्परांचे अनुभव ऐकणे, हेच तेव्हा अधीक्षकांचे मुख्य प्रशिक्षण होते.

विद्यापीठीय शिक्षण : मिशिगनमधील एड्रियन येथील अधीक्षक विल्यम पेन यांनी शालेय पर्यवेक्षणावर १८७५ मध्ये ग्रंथ लिहिला. मिशिगन विद्यापीठाने १८७९ मध्ये त्यांना अध्यापनशास्त्राच्या नव्या अध्यासनावर नेमले. तेथे त्यांनी दिलेली व्याख्याने हा शालेय प्रशासनाच्या विद्यापीठीय अभ्यासाचा आरंभ मानला जातो. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून एलवुड कबर्ली व जॉर्ज स्ट्रेअर यांनी १९०५ मध्ये डॉक्टरेट मिळविली. कबर्ली स्वतः १८९६ मध्ये सॅन डिएगोचे अधीक्षक झाले, तेव्हा त्यांनी या विषयाचे कोणतेही शिक्षण घेतलेले नव्हते. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी हा विषय रुजविला. त्यांचा सार्वजनिक शालेय प्रशासनावरील ग्रंथ (१९१६) अधीक्षकांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासला. स्ट्रेअर यांनी कोलंबियात तेच कार्य केले. या दोघांचे विद्यार्थी देशभरच्या मोठ्या जिल्ह्यांत नेमले गेले आणि विद्यापीठातील प्राध्यापकाची शिफारस नेमणुकीत महत्त्वाची ठरू लागली.

या शिक्षणाचा आशय मात्र लवकरच पालटला. फ्रेडरिक टेलर यांचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर शाळांनीही कारखान्यांप्रमाणे काटकसर व कार्यक्षमता दाखवावी, अशी मागणी होऊ लागली. न्यूटन येथील अधीक्षक फ्रँक स्पॉल्डिंग यांनी १९१३ मध्ये अधीक्षकांच्या अधिवेशनात निरनिराळ्या विषयांच्या तासांवर होणाऱ्या खर्चाची तुलना मांडली. त्यात ग्रीक भाषेचा तास महाग ठरला. अंदाजपत्रक, इमारती, हिशेब व सांख्यिकी यांना अभ्यासक्रमात अग्रस्थान मिळाले आणि शिक्षणाचे तत्त्वज्ञान मागे पडले. रेमंड कॅलहन या इतिहासकाराने १९६२ मध्ये याची कारणमीमांसा केली. करारावर नेमलेला अधीक्षक लोकमतापुढे असुरक्षित होता. मंडळातील व्यापाऱ्यांना रुचेल अशी भाषा बोलणे हा त्याच्या दृष्टीने स्वसंरक्षणाचा उपाय होता, असे त्याचे प्रतिपादन आहे.

प्रमाणपत्राची सक्ती : एकोणिसाव्या शतकात प्रमाणपत्रे प्रामुख्याने स्थानिक व काउंटीचे अधिकारी देत आणि ती अध्यापनापुरती असत. विसाव्या शतकात हा अधिकार राज्यांकडे गेला व प्रशासकांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्रे निघाली. शतकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत बहुतेक राज्यांत रूढ झाली. वशिलेबाजीला व पक्षीय नेमणुकांना आळा बसावा, हा तिचा एक हेतू होता आणि तो काही अंशी सफलही झाला. परंतु पात्रतेची पायरी उंचावताना काहींचा मार्ग अरुंद झाला. काउंटीच्या अधीक्षकाचे पद अनेक राज्यांत निवडणुकीने भरले जाई. त्या मार्गाने आयोवात जूलिया ॲडिंग्टन १८६९ मध्ये निवडून आल्या व त्यांच्यामागून अनेक स्त्रिया या पदावर आल्या. एला फ्लॅग यंग १९०९ मध्ये शिकागोच्या अधीक्षक झाल्या. मोठ्या शहराच्या शाळांचे प्रमुखपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. दुसऱ्या महायुद्धानंतर काउंटीच्या पदांचे महत्त्व घटले. त्याच सुमारास १९४४ च्या कायद्यान्वये युद्धातून परतलेल्या सैनिकांना उच्च शिक्षणासाठी साहाय्य मिळाले व प्रशासनाचे पदव्युत्तर वर्ग पुरुषांनी भरले. १९७० च्या सुमारास महिला अधीक्षक अत्यल्प उरल्या. २०२० च्या पाहणीत त्यांचे प्रमाण सु. एक चतुर्थांश आढळले; शिक्षकांत मात्र स्त्रिया सु. तीन चतुर्थांश आहेत.

सुधारणा व टीका : युद्धोत्तर काळात केलॉग प्रतिष्ठानाच्या साहाय्याने अनेक विद्यापीठांत प्रशासन-शिक्षणाचे प्रकल्प सुरू झाले. समाजशास्त्र व मानसशास्त्र यांच्या आधारे प्रशासनाचे शास्त्र उभारण्याचा प्रयत्न झाला; पण शाळेसारखी मानवी संस्था अशा नियमांत बसत नाही, असा आक्षेप टॉमस ग्रीनफील्ड यांनी १९७४ मध्ये घेतला. शिक्षणाच्या घसरलेल्या दर्जाविषयीचा राष्ट्रीय अहवाल १९८३ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर प्रशिक्षणसंस्थांवर कठोर टीका होऊ लागली. १९८७ च्या एका आयोगाने तर सु. ५०० संस्थांपैकी किमान ३०० संस्थांनी हे शिक्षण देणे बंद करावे, अशी शिफारस केली. आर्थर लेव्हिन यांच्या २००५ च्या अहवालात या दुरवस्थेचे एक कारण दाखविले आहे. वरच्या पदव्यांबरोबर शिक्षकांचे वेतन वाढते. त्यामुळे प्रशासक होण्याचा विचार नसलेलेही या वर्गांत येतात आणि विद्यापीठे कमी श्रमाचे, पण भरपूर शुल्काचे अभ्यासक्रम चालवितात. दरम्यान अधीक्षकांच्या संघटनेने १९९३ मध्ये, तर राज्यांच्या शिक्षणप्रमुखांच्या परिषदेने १९९६ मध्ये व्यावसायिक मानके जाहीर केली. दुसऱ्या मानकांची फेररचना २००८ व २०१५ मध्ये झाली. हार्व्हर्ड विद्यापीठाने २०१० मध्ये नवी डॉक्टरेट सुरू केली. तिच्यात अखेरचे वर्ष प्रत्यक्ष संस्थेत काम करण्यासाठी राखून ठेवले आहे.

शिक्षणक्षेत्राबाहेरील अधीक्षक : मोठ्या शहरांनी १९९० नंतर अन्य क्षेत्रांतील व्यक्तींना पाचारण केले. सिॲटलमध्ये निवृत्त सेनाधिकारी जॉन स्टॅनफर्ड (१९९५), सॅन डिएगोमध्ये सरकारी वकील ॲलन बर्सिन (१९९८) व लॉस अँजेल्समध्ये माजी राज्यपाल रॉय रोमर (२०००) यांची नेमणूक झाली. अशा व्यक्तींना तयार करण्यासाठी ब्रॉड प्रतिष्ठानाने २००२ मध्ये खास प्रबोधिनी काढली. कॅलिफोर्नियात शिक्षणमंडळ स्वतःच प्रमाणपत्राची अट शिथिल करू शकते. न्यूयॉर्क राज्यात शिक्षण आयुक्ताची सूट लागते. तशी सूट वकील जोएल क्लाइन यांना २००२ मध्ये मिळाली. प्रकाशन व्यवसायातील कॅथलीन ब्लॅक यांना ती २०१० मध्ये देताना शिक्षणतज्ज्ञ सहायक नेमण्याची अट घालण्यात आली. त्या २०११ मध्ये सु. तीन महिन्यांतच पायउतार झाल्या. शिकागो येथे काम केलेले पॉल व्हॅलस कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्टचे अधीक्षक असताना प्रश्न न्यायालयात गेला. सवलतीच्या कायद्यानुसार त्यांनी पुरा केलेला अल्प अभ्यासक्रम पुरेसा नाही, असा निर्णय २०१३ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने दिला. त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. परंतु दाद मागण्याचा मार्ग चुकीचा असल्याच्या कारणावरून. पात्रतेचा मूळ प्रश्न त्यामुळे अनिर्णितच राहिला.

प्रचलित स्वरूप : नियम राज्यागणिक भिन्न असले, तरी शिक्षकाचा अनुभव, पदव्युत्तर पदवी, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, देखरेखीखालील उमेदवारी व लेखी परीक्षा हे टप्पे बहुतेक ठिकाणी आढळतात. न्यूयॉर्कमध्ये पदव्युत्तर अध्ययनाचे ६० श्रेयांक आवश्यक असतात. टेक्ससमध्ये पदव्युत्तर पदवी व अधीक्षकपदाची स्वतंत्र परीक्षा असते. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेचा शिक्षणाधिकारी राज्याच्या शिक्षणसेवेतून, लोकसेवा आयोगाच्या निवडीने वा बढतीने येतो व त्याची बदली होऊ शकते. अमेरिकन अधीक्षक मात्र एका मंडळाचा सेवक असतो आणि मंडळाचा विश्वास गमावल्यास त्याला पद सोडावे लागते. म्हणूनच प्रमाणपत्र हा त्याचा एकमेव स्थायी आधार ठरतो. अयोग्य व्यक्तीला दूर ठेवण्याचे साधन म्हणून त्याचा उपयोग आहे. योग्य व्यक्ती निवडण्याची जबाबदारी मात्र त्याने मंडळाच्या शिरावरून उतरलेली नाही.