करक्यूमीन व शोथ

करक्यूमीन व शोथ : हळदीच्या मूलखोडातील मुख्य पीत रंगद्रव्य आणि शोथावरील त्याचे परिणाम यांविषयीच्या संशोधनाचा इतिहास. शोथ (दाहयुक्त सूज) ही इजा वा जंतुसंसर्ग यांविरुद्धची शरीराची संरक्षक प्रतिक्रिया होय. ती दीर्घकाळ टिकल्यास मात्र ऊतकांचीच हानी होते. आहारातील वनस्पतिज संयुगे अशा शोथाचे शमन करतात काय, या प्रश्नाच्या संदर्भात ज्या संयुगांचा सर्वाधिक अभ्यास झाला, त्यांत करक्यूमीन हे एक आहे.

मुका मार, मुरगळणे यांवर हळदीचा लेप देण्याची प्रथा भारतात जुनी आहे. तथापि चरकसंहितेत हरिद्रेचा समावेश लेखनीय, कुष्ठघ्न व विषघ्न या गणांत आढळतो. सूज कमी करणाऱ्या श्वयथुहर गणातील दहा द्रव्ये म्हणजे दशमुळे होत व त्यांत हळद नाही. त्यामुळे आधुनिक शोथविरोधी द्रव्याची कल्पना जशीच्या तशी प्राचीन ग्रंथांत शोधणे युक्त नव्हे.

फोगेल व पेल्त्ये यांनी १८१५ मध्ये हळदीपासून हे रंगद्रव्य वेगळे केले व त्यास करक्यूमीन हे नाव दिले. (याच पेल्त्ये यांनी काव्हांतू यांच्यासह १८२० मध्ये क्विनीन वेगळे केले.) १८७० मध्ये ते स्फटिकरूपात मिळाले आणि १९१० मध्ये त्याची रेणवीय संरचना निश्चित झाली. या काळात रसायनशास्त्रज्ञांना त्याचे आकर्षण होते, ते प्रामुख्याने त्याच्या रंगामुळे.

शोथासंबंधीच्या पद्धतशीर अभ्यासाचे श्रेय लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेकडे जाते. तेथील आर. सी. श्रीमल व बी. एन. धवन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, प्रयोगासाठी मुद्दाम सूज आणलेल्या प्राण्यांमध्ये करक्यूमिनामुळे ती कमी होते, असे दाखविले. त्यानंतर १९८० मध्ये संधिवाताभ संधिशोथाच्या १८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णांना दररोज १,२०० मिग्रॅ. करक्यूमीन व तुलनेसाठी फिनिलब्यूटाझोन हे त्या काळचे प्रचलित औषध, प्रत्येकी दोन आठवडे देण्यात आले. सकाळी सांध्यांना येणारा ताठरपणा व सांध्यांची सूज यांत सुधारणा दिसली. परंतु इतक्या थोड्या रुग्णांवरील अल्पकालीन चाचणीवरून निर्णायक अनुमान काढता येत नाही. पुढील लोकप्रिय लेखनात ही मर्यादा बहुधा विसरली गेली.

१९९५ मध्ये, शोथकारक प्रथिनांच्या निर्मितीस चालना देणाऱ्या न्यूक्लिअर फॅक्टर-कॅपा बी या घटकाचे कार्य करक्यूमीन रोखते, असे पेशींवरील प्रयोगांत आढळले. यानंतर संशोधनाला पूर आला. हळदीविषयीचे अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये भारताच्या हरकतीमुळे रद्द झाले, ही घटनाही याच काळातली. मात्र तो वाद जखमांवरील वापर नवा आहे की पारंपरिक यासंबंधीचा होता, गुणकारितेविषयीचा नव्हता.

खरी अडचण शोषणाची होती. उंदरांना तोंडावाटे दिलेल्या करक्यूमिनाचा बहुतांश भाग विष्ठेवाटे बाहेर पडतो, हे १९७८ मध्येच दिसून आले होते. १९९८ मध्ये बंगलोर येथील संशोधकांनी, २ ग्रॅ. करक्यूमिनाबरोबर मिऱ्यातील पायपरीन २० मिग्रॅ. दिल्यास मानवी रक्तातील त्याची उपलब्धता सुमारे वीसपट वाढते, असे दाखविले. मात्र केवळ करक्यूमीन घेतल्यावर रक्तातील प्रमाण नगण्य असल्याने ही वाढही अल्पाचीच आहे. २०१७ मधील एका विस्तृत समीक्षेत करक्यूमीन हे अस्थिर व अनेक प्रयोगपद्धतींत फसवे संकेत देणारे संयुग असल्याचे म्हटले आहे. या विषयावरील काही शोधनिबंध मागेही घेण्यात आले. गुडघ्याच्या संधिविकारात वेदना काहीशा कमी होतात, असे काही लहान चाचण्यांत आढळले आहे. पण त्यांचा दर्जा सारखा नाही.

आहाराच्या दृष्टीने मात्रेचा विचार महत्त्वाचा ठरतो. हळदपुडीत करक्यूमीन सुमारे ३ टक्के असते. म्हणजे १९८० च्या चाचणीतील मात्रा स्वयंपाकातून मिळवायची, तर दररोज सुमारे ४० ग्रॅ. हळद खावी लागेल. फोडणीतील चिमूटभर हळदीविषयीचे निष्कर्ष त्या चाचणीवरून काढता येत नाहीत. तसेच स्वयंपाकातील हळदीची निर्धोकता संहत गोळ्यांना लागू होत नाही. अमेरिकेत २०११ ते २०२२ या काळात हळदयुक्त पूरकांमुळे यकृतास इजा झाल्याची दहा उदाहरणे एका संशोधन-गटाने नोंदविली असून, तपासलेल्या उत्पादनांपैकी काहींत शोषण वाढविणारे पायपरीनही आढळले.