लिथियमचे काटे

बुलढाणें जिल्ह्यांतील लोणार सरोवराचें पाणी खारें आहे. उन्हाळ्यांत तें ओसरलें, कीं कांठावर सोड्याचे पांढरे थर दिसूं लागतात. पूर्वीं साबण व कांच यांसाठीं ते गोळा करीत. ह्या सोड्यांतील मूळ धातु सोडियम. त्याच्याच कुळांतील सर्वांत हलकें भावंड म्हणजे लिथियम. आज तें घरोघर फोनच्या बॅटरींत आहे. परंतु तेथें तें शुद्ध धातुरूपानें नाहीं. असें कां झालें, याचा इतिहास मनोरंजक आहे.

इ. स. १८१७ मध्यें स्वीडनच्या आर्फवेडसन यांनीं लिथियमचा शोध लावला. १९७६ मध्यें एक्सॉन कंपनींतील स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनीं त्या धातूची पुन्हां भरतां येणारी बॅटरी जगापुढें मांडली. हा धातु दर ग्रॅमास ३,८६० मिलिअँपिअर-तास विद्युत् देऊं शकतो. ग्रॅफाइटची मर्यादा ३७२.

परंतु बॅटरी भरतांना परतणारे लिथियमचे कण सपाट बसत नाहींत. जेथें किंचित् उंचवटा असेल, तेथें प्रवाह एकवटतो व तो उंचवटाच वाढतो. बाभळीसारखे काटे फुटतात. ते मधला पडदा भेदून पलीकडे पोंचले, कीं आंतच शॉर्ट-सर्किट होऊन ज्वालाग्राही द्रव पेटतो. कॅनडांतील मोली एनर्जीला अशा अपघातामुळें १९८९ मध्यें बॅटऱ्या परत घ्याव्या लागल्या.

यावर उपाय निघाला तो शत्रूस जिंकण्याचा नव्हे, तर त्याला टाळण्याचा. १९८५ मध्यें जपानचे अकिरा योशिनो यांनीं धातूऐवजीं कार्बन घेतला. त्याच्या थरांमध्यें लिथियम सुरक्षित राहतें. १९९१ मध्यें सोनीनें ही बॅटरी बाजारांत आणली. व्हिटिंगहॅम, गुडइनफ व योशिनो यांस २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. मात्र या सुरक्षिततेसाठीं धातूचें दसपट सामर्थ्य सोडावें लागलें.

तें परत मिळविण्याचे यत्न थांबले नाहींत. काट्यांस अडविण्यासाठीं द्रवाऐवजीं कठीण घन पदार्थ योजून पाहिला, तर त्याच्याही भेगांतून लिथियम शिरलें. मुंबईच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी व अमेरिकेंतील रेन्सेलर संस्थेचे प्राध्यापक निखिल कोरटकर यांच्या गटानें २०१८ मध्यें निराळीच वाट दाखविली. प्रवाह वाढला म्हणजे काटे वाढतात, ही सर्वसाधारण समजूत. परंतु तो दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ९ मिलिअँपिअरच्या वर नेतांच काटे स्वतःच तापले, त्यांवरील अणु पसरले आणि पृष्ठभाग गुळगुळीत झाला. हें यश प्रयोगशाळेंतील आहे. घरच्या बॅटरीवर कोणी तसा प्रयोग करूं नये. तथापि जी उष्णता आजवर केवळ संकट वाटत होती, तीच योग्य मर्यादेंत औषध ठरते, एवढें त्यानें सिद्ध केलें.